ओपन सोर्स प्रकल्पाकडे मदत कशी मागायची: नव्यानं येणाऱ्यांसाठी

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर अडलं की पहिला प्रश्न पडतो, विचारायचं कोणाला? परवान्यात तर स्पष्टच लिहिलेलं असतं की हे 'जसं आहे तसं' दिलं आहे, कसलीही हमी नाही. जीपीएल घ्या, एमआयटी घ्या, अपाचे घ्या, अशा अर्थाचा मजकूर सगळीकडे सापडतो. आणि तरीही चॅटच्या खोल्या, फोरम, मेलिंग लिस्ट (सगळ्या सदस्यांना ईमेल जाणारी यादी), बग म्हणजे दोष नोंदवायच्या जागा कायम गजबजलेल्या असतात. अनोळखी माणसं अनोळखी माणसांच्या अडचणी सोडवत बसलेली असतात. यातले थोडे जण एखाद्या कंपनीच्या पगारावर हे काम करतात. बरेचसे दिवसभराची नोकरी किंवा अभ्यास उरकून, आवड म्हणून येतात.

मी बरीच वर्षं अशा ठिकाणी प्रश्न विचारत आणि उत्तरं देत आलो आहे. नव्या माणसाचा प्रश्न अनुत्तरित राहतो तेव्हा त्याला वाटतं की आपल्याला कमी कळतं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. वाचणाऱ्याला तुमचा स्क्रीन दिसत नाही, आणि प्रश्नात त्याला धरायला काहीच सापडत नाही. त्याच्या हातात अर्धा तास आहे, समोर दहा प्रश्न आहेत. ज्या प्रश्नात त्याला लगेच काहीतरी करून पाहता येईल, तोच तो उचलतो. खालच्या सगळ्या पायऱ्या आपला प्रश्न असा उचलण्याजोगा करण्यासाठी आहेत.

१. अडचण नक्की कोणाच्या हद्दीतली आहे ते ओळखा

तुमच्या मशीनवरचा प्रोग्राम बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. मूळ प्रकल्प कोड लिहितो. डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी लिनक्सची वितरणं (वापरायला तयार संच) तो घेतात, त्यात आपले बदल करतात आणि आपलं पॅकेज बनवतात. त्यावर आणखी कोणीतरी लिहिलेले प्लगइन, थीम, एक्स्टेन्शन बसतात. बिघाड यातल्या कुठल्याही थरात असू शकतो, आणि प्रत्येक थराचं विचारण्याचं ठिकाण वेगळं असतं.

म्हणून सगळ्यात आधी स्वतःला विचारा: हा प्रोग्राम मी कुठून घेतला? वितरणाच्या भांडारातून (त्याच्या पॅकेजांच्या साठ्यातून), फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या वेगळ्या पॅकेज-प्रकारांत, की प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून थेट? डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पॅकेजं मुद्दाम गोठवलेली असतात, त्यात मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्याच येतात. मूळ प्रकल्प तोवर पुष्कळ पुढे गेलेला असतो. तिथे जाऊन जुन्या आवृत्तीबद्दल विचारलं तर 'आधी नवीन आवृत्तीवर करून पाहा' हेच उत्तर मिळेल. डेबियनच्या पॅकेजमधला दोष डेबियनकडेच नोंदवावा आणि मूळ प्रकल्पाला त्याची प्रत स्वतः पाठवू नये, असं डेबियनचं सांगणं आहे. पॅकेज सांभाळणारी व्यक्ती तपासून पुढे पाठवते.

वितरणांचे फोरमही आपापल्या हद्दी सांभाळतात. 'आस्क उबुंटू' या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर लिनक्स मिंटचा प्रश्न चालत नाही. आर्च लिनक्सच्या फोरमवर मांजारोचा प्रश्न बंद केला जातो. उबुंटूवर मिंट आधारलेलं आहे, आर्चवर मांजारो, मग काय फरक पडतो, असं नव्या माणसाला वाटतं. पण पॅकेजच्या आवृत्त्या, कर्नल (लिनक्सचा गाभा), मूळ सेटिंग्ज यांत फरक असतो, आणि उत्तर देणाऱ्याला तो फरक माहीत नसतो. यात राग मानण्यासारखं काही नाही. आपल्या वितरणाच्या फोरमवर तोच प्रश्न न्या.

थर ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एकेक थर बाजूला काढून पाहणं. फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड आहे, त्यात एक्स्टेन्शन बंद राहतात. लिबरऑफिसच्या मदत मेनूत 'सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करा' हा पर्याय आहे. वर्डप्रेसमध्ये सगळे प्लगइन बंद करून एकेक चालू करता येतात, मात्र हे चालू संकेतस्थळावर करू नका, त्याच्या प्रतीवर करा. लिनक्सवर शंका आली तर नवीन वापरकर्ता खातं उघडून तिथे तोच प्रोग्राम चालवून पाहा. नव्या खात्यात सगळं सुरळीत असेल तर दोष प्रोग्राममध्ये नसून तुमच्या सेटिंग्जच्या फाइलीत आहे. एवढं कळलं तरी अर्धी लढाई झाली.

२. शोधा, पण नीट शोधा

'आधी शोधलं का?' हा प्रश्न नव्यांना टोचतो. मात्र शोधण्याचीही एक पद्धत आहे, ती कोणी सांगत नाही.

त्रुटीचा संदेश जसाच्या तसा घ्या आणि त्यातलं तुमचं खाजगी तेवढं काढून टाका: तुमच्या फोल्डरचं नाव, वापरकर्त्याचं नाव, तारीख, प्रक्रिया क्रमांक. उरलेलं वाक्य अवतरण चिन्हांत घालून शोधा. मशीनची भाषा मराठी ठेवली असेल तर संदेश मराठीत येतो आणि शोधून काही हाती लागत नाही, कारण बाकी सगळ्यांनी तो इंग्रजीत नोंदवलेला असतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) कमांडच्या आधी एलसी अंडरस्कोर ऑल बरोबर सी (LC_ALL=C, सगळी कॅपिटल अक्षरं, मध्ये जागा नाही) लिहून मग एक जागा सोडून कमांड दिली, की तेवढ्यापुरता तो प्रोग्राम इंग्रजीत बोलतो. संगणकाची भाषा कायमची बदलायची गरज नाही.

मग प्रकल्पाच्या बग ट्रॅकरमध्ये, म्हणजे दोषांच्या नोंदवहीत शोधा आणि बंद झालेल्या नोंदीही पाहा. बऱ्याच ट्रॅकरमध्ये शोध मुळात फक्त उघड्या नोंदींपुरता असतो. तुमचा दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होऊन नोंद बंद झाली असेल तर ती तिथे दिसणारच नाही. नव्या आवृत्तीबरोबरच्या टिपणात 'ज्ञात अडचणी' असा भाग असतो, तोही चाळा. आणि तुम्ही आर्च वापरत नसलात तरी आर्च विकी हा त्याचा माहितीकोश जरूर पाहा. लिनक्सवरच्या कितीतरी गोष्टींचं इतकं नेटकं लेखन मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

एक सावधगिरी: सापडलेल्या उत्तराची तारीख बघा. दहा वर्षांपूर्वीची कमांड आज नुकसानही करू शकते. चॅटबॉटनं दिलेल्या उत्तरालाही हेच लागू. तो नसलेला पर्याय किंवा नसलेली सेटिंग मोठ्या आत्मविश्वासानं सांगू शकतो. कमांडचं मॅन्युअल उघडून तो पर्याय खरंच आहे का, ते पाहिल्याशिवाय चालवू नका.

३. पुरावा गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रश्नाची भाषा थोडी अडखळली तरी चालतं, पुरावा अपुरा असून चालत नाही.

आवृत्तीचा आकडा पूर्ण हवा. 'लेटेस्ट' लिहू नका, कारण तुमचं लेटेस्ट आणि वाचणाऱ्याचं लेटेस्ट एक असेलच असं नाही. टर्मिनलमधले बहुतेक प्रोग्राम नावापुढे दोन डॅश आणि व्हर्जन (--version) लिहिलं की आकडा सांगतात. मोठ्या प्रकल्पांनी तर ही सोय आयती करून ठेवली आहे. लिबरऑफिसच्या 'लिबरऑफिसविषयी' या खिडकीत एक बटण आहे, ते दाबलं की आवृत्तीची सगळी माहिती इंग्रजीत कॉपी होते, तुमचा इंटरफेस मराठीत असला तरी. फायरफॉक्समध्ये मदत मेनूतून ट्रबलशूटिंगच्या माहितीचं पान उघडतं, तिथेही कॉपीचं बटण आहे. वर्डप्रेसच्या 'साइट हेल्थ'मधला माहितीचा टॅब याच कामासाठी आहे. ब्लेंडरच्या मदत मेनूतून बग नोंदवायला गेलात तर तुमच्या ग्राफिक्स कार्डाची आणि आवृत्तीची माहिती फॉर्ममध्ये आधीच भरलेली येते.

त्रुटीचा संदेश मजकूर म्हणून द्या, स्क्रीनशॉट म्हणून नको. चित्रातला मजकूर कॉपी करून शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि अंध वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला तो वाचताच येत नाही. उत्तर देणाऱ्यांत अशी माणसंही असतात. बटण चुकीच्या जागी दिसतंय, अक्षरं तुटतायत, जोडाक्षरं फुटतायत, असं काही दिसण्याबद्दलच असेल तेव्हा मात्र चित्र अवश्य जोडा. देवनागरीच्या बाबतीत तर चित्र आणि मूळ मजकूर दोन्ही द्या, आणि फॉन्टचं नावही सांगा. समोरच्याला देवनागरी वाचता येत नसेल, तर नीट दिसणारं कसं असतं याचंही एक चित्र त्याला लागेल.

लॉग, म्हणजे प्रोग्रामनं लिहून ठेवलेली घडामोडींची नोंद, देताना फक्त शेवटची ओळ देऊ नका. खरं कारण बऱ्याचदा पहिल्या चुकीत असतं, पुढच्या चुका तिच्यामुळे होतात. पण हजार ओळी संदेशात ओतूही नका. चॅटमध्ये लांबलचक लॉग पेस्ट सेवेवर (मजकूर चिकटवून त्याचा दुवा मिळतो अशा संकेतस्थळावर) टाका आणि दुवा द्या. फोरम किंवा ट्रॅकरवर देत असाल तर फाइल म्हणून जोडा, कारण पेस्टचे दुवे काही दिवसांनी मरतात आणि वर्षभरानं येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

जोडण्याआधी लॉग स्वतः वाचा. त्यात पासवर्ड, एपीआय की किंवा टोकन (सेवांच्या गुप्त किल्ल्या), ईमेल पत्ता, आयपी पत्ता असू शकतो. सार्वजनिक ठिकाणी गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. मेलिंग लिस्टचे संदेश संग्रहात जातात आणि तिथून आणखी कुठे कुठे. की चुकून गेलीच तर संदेश पुसत बसू नका, आधी ती की रद्द करून नवीन काढा. हार्डवेअरची माहिती काढणाऱ्या इन्क्सी या कमांडला झेड हा पर्याय (-z) दिला की ती अनुक्रमांक, पत्ते असं ओळख सांगणारं झाकते.

आता सर्वात मोलाची गोष्ट: दोष हमखास पुन्हा घडवणाऱ्या पायऱ्या. नव्या रिकाम्या फाइलपासून सुरू करा आणि कमीत कमी किती गोष्टी केल्या की तोच बिघाड होतो ते शोधा. चाळीस पानांच्या अहवालात प्रोग्राम बंद पडतो, असं सांगितल्यावर कोणी काय करणार? तेच पानं काढत काढत एका तक्त्यापर्यंत आणलं, तर समोरचा दोन मिनिटांत आपल्या मशीनवर घडवून बघू शकतो. कोड असेल तर दहा-वीस ओळींत बसणारा, आहे तसा चालवता येणारा तुकडा द्या. हे करताना पुष्कळदा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

आणि आधी नीट चालत होतं का? कोणत्या आवृत्तीपर्यंत? हे सांगता आलं तर दुरुस्ती करणाऱ्याचं काम कितीतरी सोपं होतं. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनात बायसेक्ट नावाची सोय आहे. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती माहीत असेल तर ती मधला बदल काढून देते, तो तपासायचा, मग उरलेल्याचा मधला. हजार बदलांमधला दोषी बदल असा साधारण दहा चाचण्यांत सापडतो. ही तपासणी तुम्हालाच करायला हवी असं नाही, पण 'मागच्या आवृत्तीत चालत होतं' हे वाक्य लिहायला विसरू नका.

४. जागा निवडा

प्रकल्पाच्या संकेतस्थळावर 'सपोर्ट', 'कम्युनिटी' किंवा 'हेल्प' असं पान असतं. कोड गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवायच्या संकेतस्थळांवर असेल तर रीडमी आणि सपोर्ट नावाची फाइल पाहा. अधिकृत जागा तिथेच कळतात. शोधयंत्रातून सापडलेला कोणताही ग्रुप प्रकल्पाचाच असेल असं धरू नका.

चॅट छोट्या, लगेच सुटणाऱ्या प्रश्नांसाठी चांगलं. आयआरसी ही मजकुराच्या चॅटची व्यवस्था 1988 पासून आहे आणि अजूनही कितीतरी प्रकल्पांचा राबता तिथे आहे. 2021 च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसीच्या जाळ्यातला वाद विकोपाला गेल्यावर अनेक प्रकल्प लिबेरा चॅट या नव्या जाळ्यावर गेले, त्यामुळे जुन्या लेखांत फ्रीनोडचा पत्ता दिसला तर तो आज चालेल असं समजू नका. डेबियनच्या खोल्या ओएफटीसी या आणखी एका जाळ्यावर आहेत. मोझिलानं 2020 मध्ये स्वतःचा आयआरसी बंद करून मॅट्रिक्स ही दुसरी चॅट व्यवस्था स्वीकारली. काही प्रकल्प डिस्कॉर्ड किंवा टेलिग्रामवर असतात. आयआरसीची एक खोड लक्षात ठेवा: साध्या जोडणीत तुम्ही खिडकी बंद केलीत की मागून आलेलं उत्तर तुम्हाला दिसत नाही. प्रश्न टाकून पाच मिनिटांत निघून गेलेल्या माणसाला तासाभरानं कोणीतरी नेमकं उत्तर देतं आणि ते हवेत विरतं. थांबा, खिडकी उघडी ठेवा. जगाच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा पहाट असू शकते.

चॅटमध्ये 'कोणी आहे का?' किंवा 'एक प्रश्न विचारू का?' असं विचारून थांबू नका. सरळ पूर्ण प्रश्न विचारा. उत्तर माहीत असलेली व्यक्ती नंतर येऊन मागचं वाचते, तिला नुसतं 'हॅलो' दिसलं तर ती काय करणार?

थोडा सविस्तर प्रश्न असेल तर फोरम. आजकाल अनेक प्रकल्पांचे फोरम डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालतात. आस्क लिबरऑफिस, पायथनचं चर्चास्थळ ही त्यातली उदाहरणं. नव्या खात्याला तिथे सुरुवातीला लिंक आणि चित्रं मोजकीच जोडता येतात. ती स्पॅम रोखायची सोय आहे, थोडं वाचन-लेखन झालं की ती मर्यादा आपोआप उठते. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो आणि त्याची भावंडं यांचा बाज निराळा आहे: एक प्रश्न, त्याची नेमकी उत्तरं, गप्पा नाहीत. 'कोणतं चांगलं?' असे मतांचे प्रश्न तिथे बऱ्याचदा बंद होत आले आहेत. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर स्टॅक ओव्हरफ्लोनं 2022 च्या डिसेंबरमध्ये बंदी घातली.

मेलिंग लिस्ट नव्यांना जुनाट वाटते, पण कर्नलसारख्या प्रकल्पांचं कामकाज तिथेच चालतं. नियम थोडे कडक आहेत. कर्नलच्या लिस्टवर एचटीएमएल मेल (रंग, ठळक अक्षरं अशी सजावट असलेलं) पोचतच नाही, साधा मजकूरच लागतो. उत्तर देताना आधीचं सगळं पत्र खाली लटकत ठेवून वर दोन ओळी लिहायच्या नाहीत. ज्या वाक्याला उत्तर देताय तेवढंच ठेवून त्याच्याखाली लिहायचं. आणि 'सर्वांना उत्तर' दाबा, नाहीतर चर्चा खाजगीत जाते आणि बाकीच्यांना धागा तुटलेला दिसतो.

बग ट्रॅकर दोषांसाठी आहे, 'हे कसं करायचं?' साठी नाही. दोष आहे की आपल्यालाच जमत नाही, याची खात्री नसेल तर आधी फोरमवर विचारा. तिथल्या जुन्या मंडळींना ते चटकन ओळखू येतं.

सुरक्षेचा दोष सापडला तर मात्र यातल्या कोणत्याही उघड जागी लिहू नका. भांडारात सिक्युरिटी नावाची फाइल किंवा सुरक्षेचा वेगळा ईमेल पत्ता असतो, तिकडे खाजगीत कळवा. जावा प्रोग्राम लॉग लिहायला जे वापरतात त्या लॉग4जे मधली कुप्रसिद्ध त्रुटी 24 नोव्हेंबर 2021 ला ते सांभाळणाऱ्या अपाचे संस्थेला अशीच खाजगीत कळवली गेली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती जगजाहीर झाली तेव्हा किती धावपळ झाली ते सगळ्यांनी पाहिलं. दुरुस्तीचं काम आधीच सुरू नसतं तर ती धावपळ आणखी वाईट झाली असती.

एकच प्रश्न एकाच वेळी चार ठिकाणी टाकू नका. एका जागी सुटलेल्या प्रश्नावर दुसऱ्या जागी कोणीतरी तासभर डोकं खपवतं, आणि हे कळलं की त्याचं मन उडतं. बरेच दिवस उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जरूर विचारा, पण दोन्हीकडे एकमेकांचा दुवा द्या.

५. प्रश्न लिहा

शीर्षकात तीन गोष्टी बसवा: प्रोग्राम, काय करताना, काय बिघडलं. 'मदत हवी', 'तातडीचं' ही शीर्षकं वाचून कोणालाही कळत नाही की हा आपल्या माहितीतला विषय आहे का.

मजकुरात आधी तुम्हाला शेवटी काय साधायचंय ते लिहा. हे फार जण वगळतात. माणसाला एक काम करायचं असतं, त्यासाठी तो एक आडवाट निवडतो, ती वाट मध्येच अडते आणि तो फक्त त्या अडलेल्या जागेबद्दल विचारतो. मग ऐकणारे त्या आडवाटेवरचे दगड बाजूला करत बसतात. 'फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढू?' असं कोणी विचारतो, तेव्हा खरं तर त्याला फाइलचा प्रकार ओळखायचा असतो, आणि प्रत्येक प्रकाराची खूण तीनच अक्षरांची असते असं नाही. मूळ उद्देश सांगितला असता तर पहिल्याच उत्तरात सरळ रस्ता मिळाला असता.

एक कल्पित नमुना देतो. आधी जसा नको तसा: 'रायटर चालत नाही. खूप प्रयत्न केले. लवकर मदत करा.'

आता जसा हवा तसा. शीर्षक: 'लिबरऑफिस रायटर 24.2: तक्त्यात तळटीप असेल तर पीडीएफ करताना प्रोग्राम बंद पडतो, उबुंटू 24.04'. मजकूर: 'तक्ते आणि तळटीपा असलेला अहवाल पीडीएफमध्ये हवा आहे. पीडीएफ निर्यातीचं बटण दाबल्यावर काही सेकंदांत रायटर कोणताही संदेश न देता बंद होतो. नव्या फाइलीत एकच तक्ता आणि त्यात एकच तळटीप ठेवली तरी असंच होतं. तळटीप काढली की पीडीएफ बनते. सेफ मोडमध्येही फरक पडला नाही. 7.6 मध्ये हेच काम होत होतं. लिबरऑफिस उबुंटूच्या भांडारातलं आहे. आवृत्तीची पूर्ण माहिती खाली दिली आहे, नमुना फाइल जोडली आहे.'

यात कुठेही तज्ज्ञपणा नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून पाहिलं, एवढंच आहे. स्वतःचे अंदाज लिहायचे तर जरूर लिहा, पण शेवटी आणि अंदाज म्हणूनच.

इंग्रजीची भीती बाळगू नका. बहुतेक जागी इंग्रजीतच लिहावं लागतं, पण तिथल्या कितीतरी जणांची ती मातृभाषा नसते. छोटी वाक्यं लिहा. व्याकरणाबद्दल माफी मागण्यात ओळ घालवू नका. 'सर' म्हणायची पद्धत तिथे नाही, टोपणनावानं हाक मारतात, आणि समोर पुरुषच आहे असं धरणं बरं नव्हे. मजकूर यंत्रानं भाषांतरित केला असेल तर तसं सांगा, आणि कमांड व त्रुटीचे संदेश भाषांतरात सापडू देऊ नका.

कमांड आणि लॉग कोड ब्लॉकमध्ये ठेवा, म्हणजे वर आणि खाली तीन-तीन बॅकटिक (` हे चिन्ह). नाहीतर संपादक सरळ अवतरण चिन्हं वळवतो, दोन डॅशांची एक लांब रेघ करतो, आणि तुमची कमांड दुसऱ्याकडे चालतच नाही.

६. पाठवल्यानंतर

थांबा. चॅटमध्ये काही तास, फोरमवर दोन-चार दिवस. मग हळूच एकदा आठवण करा, आणि ती करताना काहीतरी नवीन द्या: आणखी एक चाचणी, नव्या आवृत्तीवर पाहिलेला निकाल. नुसतं 'कोणी आहे का?' लिहिल्यानं वाचणाऱ्याला नवीन काही मिळत नाही. विकासकांना खाजगी संदेश पाठवू नका. खाजगीतलं उत्तर एकालाच मिळतं, चुकलं तर दुरुस्त करायला दुसरं कोणी नसतं.

उत्तरं तुटक येतील. 'लॉग?' एवढंच कोणी लिहील. तो राग नसतो, पाच प्रश्नांमध्ये वाटलेला वेळ असतो. जे मागितलं ते सगळं द्या. तीन गोष्टी मागितल्या तर तिन्ही द्या, एक जमली नाही तर का नाही ते सांगा. कोणी खरोखरच अपमान केला तर मात्र ऐकून घ्यायची गरज नाही. बहुतेक मोठ्या प्रकल्पांना आचारसंहिता आहे आणि तक्रार कुठे करायची ते त्यात लिहिलेलं असतं.

सांगितलेली कमांड आंधळेपणानं चालवू नका. ती काय करते हे विचारणं उद्धटपणा नाही, चांगला माणूस आनंदानं सांगतो. सुडोनं (प्रशासकाच्या अधिकारानं) सुरू होणारी, काही पुसणारी, किंवा इंटरनेटवरून स्क्रिप्ट उतरवून थेट चालवणारी कमांड असेल तर दोनदा वाचा आणि आधी बॅकअप घ्या. 'मी सपोर्ट टीममधला आहे' म्हणत खाजगी संदेशातून संगणकाचा दूरस्थ ताबा, पासवर्ड, वॉलेटची की किंवा पैसे मागणारा माणूस ठग असतो. डिस्कॉर्ड आणि टेलिग्रामवर नव्या चेहऱ्यांना हे लोक हेरतात. त्याला उत्तर न देता नियंत्रकांना कळवा.

दबाव टाकण्याबद्दल थोडं मनापासून. 'इतके दिवस झाले, अजून दुरुस्त कसं होत नाही', 'तुमच्यामुळे माझं काम अडलंय' असं लिहायचा मोह होतो. एक्सझेड यूटिल्स हे फाइली दाबून लहान करणारं, लहानसं पण जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणारं सॉफ्टवेअर लासे कोलिन नावाचा एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 2022 मध्ये काही खात्यांनी मेलिंग लिस्टवर त्याच्यामागे लकडा लावला: काम संथ आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. त्याच काळात मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या खात्याला पुढे ते अधिकार मिळाले, आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातला गेला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाच्या लक्षात आलं म्हणून 29 मार्च 2024 ला तो उघड झाला. लकडा लावणारी ती खाती या कटाचाच भाग असावीत असा दाट संशय आहे. पण कट तसा रचता आला, कारण थकलेल्या स्वयंसेवकावर ओरडणारे वापरकर्ते हे इतकं नेहमीचं दृश्य होतं की ते कोणाला खटकलं नाही.

७. सुटल्यावर, आणि न सुटल्यावर

सुटलं की त्याच धाग्यात येऊन सांगा. 'झालं, धन्यवाद' यापेक्षा कशानं झालं ते लिहा: कोणाची सूचना लागू पडली, कोणती सेटिंग बदलली, कोणत्या आवृत्तीवर. फोरमवर 'उपाय' म्हणून खूण करायची सोय असते, ती करा. स्वतःच उत्तर शोधलं असेल तरीही लिहा. तुमच्याच त्रुटीचा संदेश शोधत पुढच्या वर्षी कोणीतरी तिथे पोचेल, आणि 'सुटलं बरं का' एवढंच वाचून त्याला काय वाटेल ते ज्यानं असे धागे वाचलेत त्याला माहीत आहे.

चर्चेतून हा दोषच आहे असं ठरलं तर ट्रॅकरवर नोंद करा आणि चर्चेचा दुवा द्या. फॉर्ममधले रकाने पुसून मोकळं लिहू नका, ते रकाने अनुभवातून आलेले असतात. एका नोंदीत एकच दोष. तुमच्याआधी कोणी नोंदवलेला असेल तर 'मलाही' असं लिहिण्याऐवजी अंगठ्याची खूण करा आणि सूचना मिळवण्यासाठी सदस्य व्हा. तुमच्याकडे वेगळी माहिती असेल, म्हणजे वेगळं हार्डवेअर, आणखी सोप्या पायऱ्या, तेव्हा मात्र जरूर लिहा. आणि नोंद चॅटबॉटकडून फुलवून घेऊ नका. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्ल या साधनाचे डॅनिएल स्टेनबर्ग यांनी अशा बनावट, पण खऱ्या वाटणाऱ्या सुरक्षा अहवालांनी किती वेळ खाल्ला हे वेळोवेळी जाहीरपणे लिहिलं आहे.

नोंदीवर पडणारे शिक्के समजून घ्या. 'डुप्लिकेट' म्हणजे तुमचं म्हणणं फेटाळलेलं नाही, ते मुख्य नोंदीला जोडलेलं आहे. 'नीडइन्फो' म्हणजे आणखी माहिती हवी आहे, चेंडू तुमच्याकडे आहे. बगझिला या लिबरऑफिसच्या बग ट्रॅकरमध्ये अशा नोंदीला बराच काळ उत्तर आलं नाही तर ती बंद होते. तिथे नवी नोंद 'अपुष्ट' म्हणून सुरू होते आणि दुसऱ्या कोणीतरी तोच दोष आपल्याकडे घडवून पाहिल्यावर तिची स्थिती बदलते. ती स्वतःच बदलू नका. 'वोन्टफिक्स' (दुरुस्त करणार नाही) लागलं तर कारण वाचा. पटलं नाही तर एकदा शांतपणे, आपली गरज नेमकी काय आहे ते सांगा.

कुठेच काही झालं नाही, तर वाटा अजून आहेत. पर्यायी मार्ग विचारा: 'दुरुस्ती नको, तोवर काम कसं चालवू?' याचं उत्तर बऱ्याचदा लगेच मिळतं. काम धंद्याचं आणि मुदतीचं असेल तर पैसे देऊन मदत घेण्यात काही गैर नाही. अनेक प्रकल्प व्यावसायिक मदत देणाऱ्यांची यादी ठेवतात, लिबरऑफिसमागच्या द डॉक्युमेंट फाउंडेशनकडे तर प्रमाणित विकासकांची यादीच आहे. आणि नवीन आवृत्ती आली की आपला जुना दोष पुन्हा तपासून नोंदीवर एक ओळ लिहा: या आवृत्तीतही होतो, किंवा आता होत नाही. त्यासाठी कोडचं एक अक्षरही यावं लागत नाही, आणि ट्रॅकर सांभाळणाऱ्यांना ती ओळ फार उपयोगी पडते.